मांजरपाटाचा वखर

१८ फेब्रुवारी १९५९

भेव? इमानाचं मले कायचं भेव? अकरा वर्षं नवऱ्यासंग काढली म्या, तो मरेपावतर. तो इमानापेक्षा जास्त आवाज करे, अन् उडे बी. हेच सांगतलं पुंडलिकरावले, तोंडावर. ओव्हरसियर माणूस, शिकेल-सवरेल, हसावं का चूप राहावं समजेना त्याले. मंग खाकरून म्हणे, "तसं नाही काकू. बाया भेतात म्हणून इचारलं. उद्यापासून या माळावर. पाणी भरा, साहेब लोक आले त चहा करा. अन् शिवणं येते न तुमाले?"

येते म्हटलं. फाटलं ते शिवणं अन् शिवलेलं फाडणं, दोन्ही येते.

लागली नोकरी. बर्डीच्या माळावर सरकारनं इमान उतरवाले पट्टी केली हाये. दोन वर्षं रोलर फिरला, मुरूम दाबू दाबू असा केला का आमच्या अंगणानं शरमावं. बाजूले एक टिनाची खोली, मांगं विहीर, एक कडूनिंब, एक चौकीदार. झालं आमचं इमानतळ. पांढरकवड्याची सडक हाये, पण पावसाळ्यात नाला चढला का आठ-आठ दिस मोटर येत नाही. म्हणून डाक, औषधं अन् साहेब वरून येणार.

घरी देर बबनराव फुगून बसला. "वहिनी, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बबनरावची वहिनी सरकारात गेली."

जाऊबाई विमल पदरात तोंड खुपसून हसली, त तिच्यावरच डोळे काढले त्यानं. मंग मले म्हणे, "जा. पण एक बी बोभाटा कानावर आला त पुन्हा उंबऱ्याबाहेर पाय नाही टाकाचा."

पुंडलिकरावनं दोन वह्या देल्या. एकीत इमान आलं-गेलं लिहाचं, कारण चौकीदाराले अक्षर येत नाही. दुसरी कायले म्हटलं, त म्हणे, उरली, ठेवा. ही तीच उरलेली वही. ज्वारीच्या कोठीत ठेवीन. बबनराव कोठीत हात घालत नाही, त्याले आयतं ताटात लागते.

२४ फेब्रुवारी

दोन वस्तू शिवल्या. पयली म्हंजे वाऱ्याची बाही. कोण्या राक्षसाच्या अंगरख्याची बाही असन अशी, एकीकडून रुंद, एकीकडून अरुंद. खांबावर बांधली का वारा आत घुसते अन् बाही फुगते. वरून पायलटले समजते वारा कुठून हाये ते.

दुसरी, मांजरपाटाची निशाणी. पुंडलिकरावनं काडीनं जमिनीवर काढून दाखोली, म्हणे हे इंग्रजी अक्षर हाये. मी म्हटलं, इंग्रजी कायचं, हा त आमचा वखर हाये! आडवी पट्टी म्हंजे वखराची पास, उभी पट्टी म्हंजे दांडी. पुंडलिकराव खूश झाला. म्हणे, "बरोबर काकू! फक्त एक ध्यानात ठेवा. वखराले बैल दांडीकडं ओढतात. इमान उलटं. ते दांडीवरून येते अन् पाशीकडं जाते. म्हणून जिकडून वारा, तिकडं पास."

चौकीदार उकंडा हे सारं उभ्या उभ्या ऐकून राह्यला होता. कोलाम माणूस हाये, जंगलातल्या जमातीचा, माळापल्याड त्याहीचं पोड हाये, दहा-बारा झोपड्यांचं, तिथला. पन्नाशीचा असन. बायको मरून गेली. सरकारनं खाकी कोट देला, तो गळ्यापावतर बटनं लावून घालते, भर उन्हात. निशाणी लावाचं काम त्याचं. पुंडलिकरावनं इचारलं समजलं का, त उकंडानं वाकून मूठभर माती उचलली, सोडली, माती जिकडं उडाली तिकडं पाठ केली अन् पास कुठं ठेवाची ते हातानं दाखोलं.

मले राहावलं नाही. म्हटलं, "उकंडा, कोटाच्या आत शर्ट हाये का ते बी सरकारी गुपित हाये?"

सारे हसले. तो नाही हसला. पण रागावला बी नाही.

२७ फेब्रुवारी

पायटे खोलीच्या खिडकीत पळसाच्या द्रोणात बोरं ठेवेल होती. मी हाका मारल्या, "चौकीदार, हे लाच हाये का?"

म्हणे, "नाही बाई. बोरं हाये."

दिवसभर मी हसून राह्यली. गावात सांगतलं, तेबी हसले.

४ मार्च

इमान आलं! गाव ओस पडलं, सारे माळावर. एका बुढीनं हळदी-कुंकवाचं ताट आणलं, अन् इमानाच्या कोणत्या अंगाले लावाचं म्हणून मलेच इचारलं. मी म्हटलं नाकाले. पायलट त्या लाल नाकानं परत गेला.

पायलट पोरगाच हाये, मिशी बी धड नाही. चहा पेला, "ताई" म्हणे. गावातल्या कोण्याच माणसानं मले इतक्या वर्षांत ताई म्हटलं नाही, साऱ्याहीची मी काकू नाहीत वहिनी. जाताना त्यानं वरून एक चक्कर मारली अन् हात हलवला. विमल म्हणे तिले हलवला, माळाशेजारचा वावरवाला विठ्ठलराव म्हणे त्याले. मले माहीत हाये कोणाले हलवला ते.

१९ मार्च

तिसरी खेप. आता रीत बसली. आदल्या दिवशी तार येते, पुंडलिकराव सायकलवर सांगाले येते, उकंडा पायटे माती सोडून पाहते अन् निशाणी लावते. इमान गेलं का मी निशाणी धुते, घडी करून खोलीत ठेवते. पायलट येताना हात हलवते, मी बी हलवते. उकंडा कधीच हलवत नाही. इचारलं काहून, त म्हणे, "मी कामावर हाये बाई."

३ एप्रिल

वादळानं वाऱ्याची बाही उसवली. घरी आणली शिवाले.

मुंगवड्यांचे दिवस आले. डाळ भिजू घातली, कोहळं किसलं. अंगणात वाळू घालावं त चिमण्या, कोंबड्या, विमलची पोरं. छपरावर घालावं त माकडं. अन् तिकडं माळावर तेवढी गुळगुळीत, तापलेली, स्वच्छ जागा रिकामी पडून राह्यली. सरकारले काही समजत नाही.

११ एप्रिल

मुंगवड्या माळावर वाळू घातल्या. कोऱ्या मांजरपाटावर अशा दिसल्या जशी पिवळ्या मोत्यांची ओळ. धोतरांवर मावत नव्हत्या, अन् निशाणी त घडी करून पडूनच हाये. अंथरली. पास कडूनिंबाकडं केली, म्हंजे सावलीत बसून रुंद भागावर नजर राहते, शेळ्या तिकडूनच येतात.

उकंडा आला. म्हणे, "बाई, हे निशाणीचं कापड हाये."

"मीच शिवलं, मीच धुते. मले नको सांगू."

"पास उगवतीले हाये. वारा मावळतीचा हाये."

"मंग? वड्यांले काय वाऱ्याची दिशा लागते?"

"इमान आलं त?"

"तार आली का? नाही आली. मंग कायचं इमान? का तुले वाटते वड्या उडून जातील नागपूरले?"

त्यानं कडूनिंबाची एक फांदी तोडून आणली अन् दिवसभर शेळ्या हाकलत बसला, कोट घालून. चौकीदार असावा त असा.

२१ एप्रिल

इमान पडलं. पायलट जिता हाये. मी विहिरीवर होती. आज लिहिणं होत नाही.

२३ एप्रिल

नीट लिहिते.

परवा तार आली नव्हती. म्हंजे आली, पण इमान पडल्यावर आली. पुंडलिकराव सायकल फेकून कागद हलवत आला, तवा धूळ बी बसली नव्हती.

मी विहिरीवर होती. पाणी काढून राह्यलती. आवाज आला म्हणून धावत आली. पाहते त इमान वाऱ्याले पाठ करून उतरून राह्यलं. टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पण थांबेना. मागून वारा ढकलून राह्यला ना. पट्टी सरली, बांधाचा धुरा ओलांडला अन् पल्याड विठ्ठलरावच्या नांगरलेल्या काळ्या वावरात नाक खुपसलं. शेपटी वर. आवाज असा झाला जसं पितळी हंडा विहिरीत पडला.

तेवढ्यात उकंडा पोडाकडून धावत आला. डोक्यावर कोहळं. मीच त्याले पाठोलं होतं, दुसऱ्या घाण्याच्या वड्यांसाठी कोहळं आण म्हणून. त्यानं कोहळं धुऱ्यावर हळूच ठेवलं, फेकलं नाही, अन् इमानात शिरला. पायलटले पाठीवर घेऊन आला. पोराचा पाय गुडघ्याखाली वाकडा झालता. कपाळाचं रक्त उकंडाच्या कोटावर.

निशाणी खोलीसमोर तशीच अंथरेल होती, पास उगवतीले. कोरी. वड्या नव्हत्या तिच्यावर.

वाऱ्याची बाही माह्या घरी, खुंटीवर. शिवाची राह्यली.

पायलटले बैलगाडीत गादी घालून पांढरकवड्याले नेलं. लोक निशाणीभोवती उभे राह्यले, कोणी म्हणे उलटी हाये, कोणी म्हणे सुलटी. घरी आल्यावर विमलनं टोपलं पाह्यलं. "जाऊबाई, इतक्या लवकर वाळल्या? आतून ओल्या हाये अजून."

ऊन कडक होतं म्हटलं.

सांजीले उकंडा येऊन कोहळं दारात ठेवून गेला.

२८ एप्रिल

चौकशीले मोठे साहेब आले. खुर्ची कडूनिंबाखाली मांडली. बाजूले कारकून, भोवती गाव. बबनराव बी आला, माह्या मांगंच उभा राह्यला.

साहेबानं निशाणी आणवली. "कोण लावतो ही?"

उकंडा म्हणे, "मी लावतो साहेब."

"त्या दिवशी कोणी लावली?"

उकंडानं कोटाचं वरचं बटन चाचपलं. मंग तो म्हणे, "निशाणी लावणं माहं काम हाये."

"तार नसताना का लावली?"

चूप.

"पहारा सोडून कुठे गेला होतास?"

"पोडावर."

"कशाला?"

चूप.

साहेबानं कापड उलटं-सुलटं केलं. पाशीच्या कोपऱ्याले पिवळं काही चिकटेल होतं. नखानं उकरलं. "हे काय आहे?"

उकंडा वाकून पाहते अन् म्हणे, "पाखराचं हाये साहेब."

साहेबानं हात झटकला, लोक हसले. उकंडा म्हंजे बह्याड, येडा माणूस. वडीचा तुकडा बी वळखू आला नाही त्याले.

मंग साहेब मलेच इचारते, "बाई, तुम्ही रोज इथे असता. हा माणूस असं उलटं कसं लावेल? तुम्हाला काय वाटतं?"

सारं गाव माह्या तोंडाकडं पाहून राह्यलं. माह्या तोंडाची सवय त्याहीले माहीत हाये. मांगं बबनरावचा श्वास ऐकू येत होता. अन् माह्या तोंडातून निघालं, "काय सांगावं साहेब, वखर वाटला असन त्याले! बैल दांडीकडं जातात, त इमान बी तिकडंच जाईन म्हटलं असन!"

असे हसले लोक! साहेब बी हसला. कारकुनाले म्हणे, "लिहा. चौकीदाराने अज्ञानामुळे औतासारखी उलटी निशाणी लावली." कारकून हसत हसत लिहून राह्यला. उकंडाचा अंगठा घेतला त्याच्याखाली.

अंगठा पुसाले त्यानं कोटाले हात नाही लावला. खाली वाकून मातीत पुसला.

२९ एप्रिल

मी मस्करी केलती. मस्करी कोणी कागदावर घेते का?

६ मे

उकंडाले काढलं. पुंडलिकराव म्हणे, कोट सरकारी हाये, जमा करा लागते.

कडूनिंबाखाली उभं राहून त्यानं एक एक बटन काढलं. रक्ताचा डाग धुतेल होता, तरी राह्यला होता. कोट काढला, घडी केली, मांडीवर दाबून नीट केली, टेबलावर ठेवली.

आत शर्ट नव्हता.

बरगड्या दिसत होत्या. पाठीवर कोटाच्या शिवणीचे वळ. तशाच उघड्या अंगानं तो माळ ओलांडून पोडाकडं गेला. कोणी हसलं नाही. मी बी नाही. मी खोलीत जाऊन रिकाम्या चुलीवर पाणी ठेवलं.

मंग पुंडलिकराव आत आला. "काकू, आता निशाणी तुमीच लावा. तुमाले वखर समजते."

७ मे

बबनराव आज पयल्यांदा माह्याशी हसून बोलला. "वहिनीचं नाव सरकारी कागदावर लागलं." विमलनं मुंगवड्यांची भाजी केलती. बबनराव म्हणे, "औंदाच्या वड्या झ्याक झाल्या." दोनदा मांगून घेतली.

म्या घेतली नाही. पोट बिघडलं म्हटलं. कोहळं कोपऱ्यात बसून हाये, चिरलं नाही.

२५ मे

बाही शिवली. एका दुपारचं काम होतं.

९ जून

पोडावर गेली. घरी सांगतलं, सुपं-टोपली पाहाले जाते.

उकंडा झोपडीसमोर बांबू चिरत बसला होता. मले पाहून उठला, खाट आणली, स्वतः खाली बसला. पोरीबाळी जमल्या पाहाले. एरवी मी दहा गोष्टी केल्या असत्या त्याहीच्यासंग.

शेवटी म्हटलं, "उकंडा, ते पिवळं पाखराचं नव्हतं."

"माहीत हाये बाई."

"माहीत होतं तुले?"

"दिवसभर शेळ्या हाकलल्या म्या त्याच्यावरच्या. मले वडी माहीत नाही का?"

बांबू चिरणं चालूच. कांबी एकसारख्या निघत होत्या.

"मंग सांगतलं काहून नाही?"

त्यानं दुसरा बांबू घेतला. मंग म्हणे, "तुमच्या मांगं बबनराव उभा होता. मले काढलं, त मी पोडावर आलो. बांबू हाये, जंगल हाये, माणसं हाये. तुमाले काढलं असतं त तुमी कुठं गेल्या असत्या? त्या घरात."

मले वाटलं तो माह्यावर उपकार दाखवून राह्यला. पण त्याचं तोंड तसं नव्हतं. तो फक्त सांगून राह्यला होता, जसं वारा कुठून हाये ते सांगे.

"राग नाही आला?"

"आला," म्हणे. "वखराचा आला. मले वखर अन् निशाणी वेगळी हाये हे समजते. हे तुमाले माहीत होतं."

निघताना त्याच्या सुनेनं पळसाच्या द्रोणात जांभळं देली. म्या म्हटलं नाही का लाच हाये का. घेतली अन् आली. माळ पार होईपावतर एक बी तोंडात नाही टाकली.

११ जून

सारा जीव गोळा करून पुंडलिकरावकडं गेली. सांगतलं, निशाणी म्या अंथरलती. मुंगवड्या वाळू घालाले. उकंडाले म्याच कोहळ्याले पाठोलं.

तो आधी हसलाच. "काकू, तुमच्या मस्करीचा काही नेम नाही! इमानपट्टीवर मुंगवड्या!" डोळ्याले पाणी आलं त्याच्या हसून हसून.

मी उभीच राह्यली. हसली नाही. मंग त्याचं हसू हळूहळू गेलं. उठून दार लोटलं.

"खरं हाये?"

"खरं हाये."

"कोणाले सांगतलं?"

"तुमाले."

"मंग माह्यापावतरच राहू द्या. कागद वर गेले काकू. साहेबाची सही हाये त्याच्यावर. आता हे उकरलं त मी बी जाईन, का माह्या पट्टीवर बाया वाळवण घालत होत्या अन् मले पत्ता नव्हता. अन् त्या कोलामाचं काय हाये, त्याले काय फरक पडते?"

"त्याच्या कोटात शर्ट नव्हता," मी म्हटलं.

त्याले काही समजलं नाही. घरी आली, अन् खरं सांगाचं होतं बबनरावले, पण तो ओसरीवर सुपारी कातरत बसला होता, अन् मी भाकरी थापाले गेली.

१४ ऑगस्ट

नाल्याले पूर हाये. इमान दोनदा येऊन गेलं, दुसराच पायलट. मी माती सोडून पाहते, निशाणी बरोबर लावते. पावसात मुरमाची माती उडत नाही, मंग कोरडी राख चिमटीत घेऊन जाते. गावातल्या बाया माह्याबद्दल म्हणतात, पार्वताबाई आता हसत नाही, सरकारी झाली.

लिहिण्यासारखं काही नाही.

२६ नोव्हेंबर

आज तो पायलट आला. तोच. एका पायानं लंगडते. इमान आता दुसऱ्याच्या हाती, हा मांगं बसून आला, कोणत्या तरी कागदावर सही कराची होती. उतरला अन् सरळ माह्या खोलीत आला. "ताई, चहा."

चहा केला. तो कपाळावरची खूण चोळून बोलत होता, दवाखान्यातलं, आईचं, पुन्हा उडवाले देतील का नाही ते. मिशी आता फुटली हाये त्याले.

मंग इचारते, "तो चौकीदार कुठे आहे? त्याने मला पाठीवर आणलं म्हणतात. त्याला भेटायचं होतं."

म्या सांगतलं, त्याले काढलं.

"निशाणी त्याने उलटी लावली, हे खरं का?"

म्या चुलीत फुंकर मारली. धूर नव्हता, तरी मारली.

तो म्हणे, "मला एक गोष्ट अजून कळत नाही, ताई. वरून धूळ उडताना दिसत होती. वारा मागून आहे असं मला वाटलं होतं. बाही पण खांबावर नव्हती. म्हणून मी लगेच उतरलो नाही, एक चक्कर जास्त मारली. परत जावं की काय, असं मनात आलं. पण खाली तुम्ही दिसलात. हातात टोपलं होतं. मी हात हलवला, तुम्हीही हलवला. म्हटलं, ताई आहे खाली, म्हणजे सगळं ठीक असणार." मंग हसला. "चौकशीत हे सांगितलं नाही मी. डोक्याला मार होता, म्हटलं भास असेल. भासच ना?"

मी म्हटलं, "मी विहिरीवर होती."

"हो का," म्हणे. चहा पेला, कप खाली ठेवला, पोडाचा रस्ता इचारला. लंगडत माळ ओलांडून गेला. मी दारातून पाहत राह्यली, उकंडा गेला त्याच वाटेनं.

कोहळं अजून कोपऱ्यात हाये. सडलं नाही. सात महिने झाले.

आज कोणी मांगं उभं नाही. बबनराव बाजारले गेला, विमल वावरात. या वहीत बी म्या खोटंच लिहिलं. दोनदा लिहिलं, अन् आज त्याच्या तोंडावर तिसऱ्यांदा सांगतलं.

मी विहिरीवर नव्हती. मी कापडाजवळ होती. त्यानं दोन चकरा मारल्या. पयल्या चकरीतच मले समजलं का पास उलटी हाये. दांडी धरून ओढली असती त कापड गोळा झालं असतं, वड्या मातीत गेल्या असत्या, तेवढंच. मी वड्या वेचल्या. दुसऱ्या चकरीत टोपलं भरलं, अन् त्यानं हात हलवला, त म्या बी हलवला.